अपघातानंतर वकील लावायचा का? आधी हे बघा

गाडीच्या अपघातात माणूस जबर जखमी होऊन दवाखान्यात पडला की भेटायला येणाऱ्यांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, चांगला वकील गाठ, विमा कंपनीकडून दहा-वीस लाख कुठं गेले नाहीत. दुसरा म्हणतो, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, देतील ते घे आणि मोकळा हो. दोघंही पायाच्या प्लास्टरकडं बघून बोलत असतात. बघायचं असतं ते वेगळंच: पुढं कोण कशाला ‘नाही’ म्हणणार आहे? चूक आमच्या ड्रायव्हरची नाही, तुमचं उत्पन्न एवढं नव्हतंच, अपंगत्व इतकं नाही, आमची पॉलिसीच लागू नाही. यातलं काहीच वादात नसेल तर वकील बहुधा लागत नाही. एक जरी वादात असेल तर एकट्यानं लढणं महागात पडतं.

आधी पैसे कुठून येतात ते थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणं रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. ज्या गाडीच्या चुकीमुळं तुम्हाला लागलं, तिचा ड्रायव्हर आणि मालक भरपाई द्यायला बांधील असतात आणि त्यांच्या वतीनं ती विमा कंपनी भरते. एसटीनं धडक दिली असेल तर दावा महामंडळावर होतो. हा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. कोर्टाच्या आवारात या लांबलचक नावाच्या वाटेला कुणी जात नाही, सगळे ‘एमएसीटी’ म्हणतात. अपघात झाला तिथंच दावा लावला पाहिजे असंही नाही. खोपोलीजवळ अपघात झालेला कोल्हापूरचा माणूस कोल्हापुरातच दावा दाखल करू शकतो, कारण जखमी व्यक्ती जिथं राहते किंवा कामधंदा करते तिथलं न्यायाधिकरणही चालतं.

पोलिसांनी ड्रायव्हरवर लावलेली केस आणि हा दावा यांत लोक हमखास गल्लत करतात. ती फौजदारी केस. तिच्यात शिक्षा झाली तरी तुमच्या खात्यात आपोआप पैसे येत नाहीत, आणि ड्रायव्हर निर्दोष सुटला म्हणून तुमचा दावा पडतो असंही नाही. फौजदारीत गुन्हा संशयापलीकडं सिद्ध व्हावा लागतो. एमएसीटीत ‘असंच घडलं असण्याची शक्यता जास्त’ एवढं पटवून दिलं तरी पुरतं.

वकिलाशिवाय निभतं तेव्हा

खरचटलं, चार टाके पडले, आठवडाभर घरी बसावं लागलं आणि बिल मेडिक्लेममधून निघालं, एवढंच असेल तर वकील लावू नका. फी आणि कोर्टाच्या तारखांना मोडलेले दिवस धरले तर हातात काही उरणार नाही. फक्त गाडीचं नुकसान झालं असेल तर आपल्याच विमा कंपनीकडं क्लेम टाकायचा, सर्व्हेअर येतो, गॅरेजचं बिल ठरतं. कंपनीनं अडवलं तर विमा लोकपालाकडं लेखी तक्रार करता येते. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत. तिथं फी नाही आणि वकीलही लागत नाही.

ठोकून पळून गेलेली गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडं जातो. यातही वकिलाचं काही काम नाही. मात्र टोलनाक्याच्या, पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यांवरून गाडीचा नंबर मिळवण्यासाठी पहिल्या आठवड्यातच पोलिसांच्या मागं लागा, कारण हे चित्रीकरण फार दिवस ठेवत नाहीत. गाडी सापडली की नेहमीचा दावा करता येतो, त्यात रक्कम याच्या कित्येक पट असू शकते. योजनेतून घेतलेले पैसे मग त्यातून परत करावे लागतात, एवढंच.

उपचाराचा पहिला खर्च हाही वकिलाचा विषय नाही. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. तिच्यात अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, माणशी दीड लाखापर्यंतचा उपचार योजनेतल्या दवाखान्यात होतो. भरती करतानाच विचारा.

आणि चूक सरळ आपली असेल, म्हणजे रात्री डुलकी लागली आणि गाडी दुभाजकावर चढली, तर थर्ड पार्टी विम्यातून स्वतःसाठी दमडी मिळत नाही. मालकानं स्वतःसाठी घेतलेला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असेल तर तो मृत्यूला किंवा हात, पाय, डोळा कायमचा जाण्याला लागू होतो. साध्या फ्रॅक्चरला त्यात काही नाही. इथं कुठला वकील ‘काढून देतो पैसे’ म्हणत असेल, तर काय काढणार ते आधी विचारा.

जिथं आकडा वादात पडतो

हाड मोडलं, रॉड बसवला, आणि सहा महिन्यांनीही मांडी घालून बसता येत नाही. अशा वेळी खरा प्रश्न दवाखान्याच्या बिलाचा नसतो, पुढच्या आयुष्यातल्या कमाईचा असतो. कायमच्या अपंगत्वाची भरपाई काढायची रीत सर्वोच्च न्यायालयानं घालून दिली आहे. २००९ च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला कितीनं गुणायचं तो आकडा, ठरला. २०१७ च्या प्रणय सेठी निकालात भविष्यातल्या उत्पन्नवाढीसाठी किती टक्के धरायचे ते ठरलं. ही रीत एका उदाहरणावर लावून बघू.

समजा, सांगलीतला ३४ वर्षांचा इलेक्ट्रिशियन आहे, स्वतःची कामं घेतो, महिन्याला २० हजार कमावतो. वर्षाचे झाले २ लाख ४० हजार. स्वतःचा व्यवसाय आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून ४० टक्के वाढ धरायची: ३ लाख ३६ हजार. त्याच्या वयाला गुणक १६, म्हणजे ५३ लाख ७६ हजार. पायाच्या दुखापतीमुळं त्याची कमावण्याची ताकद ३० टक्क्यांनी घटली असं न्यायाधिकरणानं मानलं, तर या एका बाबीचेच १६ लाख १२ हजार ८०० रुपये होतात.

आता विमा कंपनीचा वकील उभा राहतो. म्हणतो, डॉक्टरांच्या अपंगत्वाच्या दाखल्यातले ३० टक्के हे एका पायाचे आहेत, सगळ्या शरीराचे धरले तर १० टक्केच. आणि २० हजार कमावत होता याला पुरावा काय? ना रिटर्न, ना बँकेतल्या नोंदी. मजुरीच्या दरानं १२ हजार धरा. त्याचं म्हणणं टिकलं तर त्याच रीतीनं, त्याच गुणकानं उत्तर येतं ३ लाख २२ हजार ५६०. माणूस तोच, पाय तोच, आकडा पाचपट खाली. कुणी खोटं बोललेलं नाही. फक्त दोन गोष्टी कुणी ठामपणे मांडल्या नाहीत.

या दोन गोष्टी मांडणं हेच वकिलाचं काम. डॉक्टरांच्या दाखल्यातली टक्केवारी आणि कमाईतली घट या वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये स्पष्ट केलं. डावा हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार जवळजवळ पूर्णच कामातून जातो. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र चालू राहू शकते. म्हणजे आपल्या इलेक्ट्रिशियनच्या बाबतीत शिडी चढता येत नाही, उकिडवं बसून वायरिंग करता येत नाही, हे साक्षीत आलं पाहिजे. दाखला देणाऱ्या डॉक्टरांना समन्स काढून साक्षीला आणलं पाहिजे. आणि कंपनीच्या वकिलानं त्यांची उलटतपासणी घेतल्यावर जे निसटलं ते सावरलं पाहिजे. कायद्यानं तुम्ही हे स्वतः करू शकता, कुणी अडवत नाही. पण मी कुणाला तसा सल्ला देणार नाही.

बाकीच्या बाबीही लोक मागायच्या विसरतात: कामावर न गेलेल्या महिन्यांचं उत्पन्न, सोबत राहिलेल्या माणसाचा खर्च, रिक्षाभाडं, पुढं रॉड काढायच्या ऑपरेशनचा खर्च, वेदना, लग्न जमण्यात येणारी अडचण. मेडिक्लेममधून मिळालेलं बिल भरपाईतून वजा करायचं की नाही यावर वर्षानुवर्षं वाद होता. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं ते वजा करायचं नाही असा निर्णय दिला, कारण त्या पॉलिसीचा हप्ता तुम्ही भरलेला असतो. घरकाम करणाऱ्या बाईचं उत्पन्न शून्य धरणंही चालत नाही, तिच्या कामाची किंमत गृहीत धरावी लागते. ‘बायको काय, घरीच असते’ असं नवराच अर्जात लिहून देतो तेव्हा मात्र कपाळावर हात मारावा वाटतो.

चूक आणि पॉलिसी यांवरचे वाद

तुम्ही बेशुद्ध होऊन आयसीयूत, आणि तेवढ्यात समोरच्यानं पोलीस ठाण्यात जाऊन पहिली फिर्याद दिली की चूक मोटरसायकलवाल्याची. असं खूप होतं. शुद्धीवर आल्यावर कळतं की एफआयआरमध्ये आपणच आरोपी आहोत. अशा वेळी वकील लगेच गाठा. आधी फौजदारी बाजूसाठी, मग दाव्यासाठी. शुद्धीवर येताच आपला जबाब नोंदवून घ्यायला लावणं, घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा नीट वाचणं, गाडीवर घासल्याच्या खुणा कुठल्या बाजूला आहेत ते बघणं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. दोघांचीही थोडी थोडी चूक ठरली तर तुमच्या वाट्याची टक्केवारी भरपाईतून कापली जाते. दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि तुम्ही त्यातल्या एकीत नुसते प्रवासी होता, तर तुमची चूक कुठून येणार? मग तुम्ही कुठल्याही एका गाडीवाल्याकडून पूर्ण भरपाई मागू शकता. त्यांनी आपसात काय ते वाटून घ्यावं.

पॉलिसीचे वाद जास्त किचकट. ड्रायव्हरकडं लायसन्स नव्हतं, टेम्पोला परमिट नव्हतं, हप्त्याचा चेक वटला नव्हता. गोव्यात पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं घेतली असेल तर कंपनी म्हणणार, खासगी पॉलिसीवर धंदा चालला होता. भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि आकडे पिवळे असतात, ते घेतानाच बघावं. गाडी विकली पण आरसीवर नाव जुन्या मालकाचंच राहिलं, तर कायद्याच्या नजरेत मालक तोच, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं आहे. यातल्या काही वादांत कंपनीला ‘आधी जखमीला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश होतो. तो मिळाला तर पैसे कंपनीकडून येतात, नाही मिळाला तर ज्याच्याकडं काही नाही अशा मालकाच्या मागं फिरावं लागतं. इतकं त्यावर अवलंबून असताना वकिलाशिवाय जाऊ नये.

एक अवघड जागा घरातलीच. नवरा गाडी चालवत होता, त्याच्याच चुकीनं अपघात झाला आणि शेजारी बसलेल्या बायकोला लागलं. कागदावर दावा नवऱ्याविरुद्ध होतो म्हणून लोक कचरतात. पॉलिसी फर्स्ट पार्टी, म्हणजे पॅकेज असेल तर गाडीत बसलेल्यांची जोखीम तिच्यात येते आणि पैसे कंपनी देते; नुसती थर्ड पार्टी असेल तर येत नाही. फक्त नवऱ्याचा आणि बायकोचा वकील एकच नको, दोघं एकमेकांसमोर उभे आहेत.

सहा महिने आणि अडीच लाख

१ एप्रिल २०२२ पासून दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि तिथला निर्णय होईपर्यंत उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. अंतरिम आदेशाच्या भरवशावर बसू नका. ‘अजून पाय बरा होतोय, अपंगत्वाचा दाखला मिळाला की बघू’ असं म्हणत लोक मुदत घालवतात. दावा आत्ता दाखल करायचा, दाखला नंतर जोडायचा. व्याजही दावा दाखल केल्याच्या आधीपासून मिळत नाही. अर्जात मागितलेल्या रकमेपेक्षा जास्त रक्कमही न्यायाधिकरण देऊ शकतं, त्यामुळं आकडा अंदाजानं लिहिला म्हणून बिघडत नाही.

याच सहा महिन्यांत दुसऱ्या बाजूनं तडजोडीचा प्रस्ताव येऊ शकतो. अपघाताची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत विमा कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्यानं प्रस्ताव द्यावा असं कायदाच म्हणतो. शिवाय चूक कुणाची हे न बघता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला ५ लाख अशी वेगळी तरतूद आहे. हाड मोडलं की ती गंभीर दुखापत. चूक सिद्ध करायची नाही, उलटतपासणी नाही, म्हणून हा रस्ता बरा वाटतो. पण कंपनीच्या प्रस्तावातून हे अडीच लाख स्वीकारले की नेहमीचा दावा संपतो. तीन महिन्यांत खडखडीत बऱ्या होणाऱ्या मनगटासाठी अडीच लाख घ्या, खुशाल घ्या, वकिलाचं तोंडही बघू नका. आपल्या इलेक्ट्रिशियननं मात्र त्या कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवायलाच हवा. अशा एका भेटीच्या सल्ल्याची फी देऊन वकीलपत्र न देताही परत येता येतं, हे पुष्कळांना सुचत नाही.

लोकअदालतीचंही तसंच. दोन्ही बाजू राजी असतील तर प्रकरण एका दिवसात मिटतं आणि ते चांगलंच. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

वकील ठरवताना

वकील शेवटी लावा किंवा लावू नका, कागद पहिल्या दिवसापासून घरच्यांनीच जमवायचे असतात. एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत, दवाखान्यातली एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद, डिस्चार्ज कार्ड, औषधांची छोटी बिलंसुद्धा, एक्स-रे, दोन्ही गाड्यांच्या आरसी आणि पॉलिसीचे नंबर, उत्पन्नाचा जो मिळेल तो पुरावा. पोलिसांनी अपघाताचा सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला का, याची तपास अधिकाऱ्याकडं चौकशी करत राहा.

दवाखान्याच्या वॉर्डात किंवा पोलीस ठाण्याच्या दारात कुणी कार्ड देऊन ‘केस लावून देतो, आत्ता काही देऊ नका, मिळतील त्यातले एवढे टक्के’ म्हणाला, तर तो दलाल आहे असंच समजा. बार कौन्सिलच्या नियमानुसार वकिलाला असं गिऱ्हाईक शोधत फिरता येत नाही, आणि निकालावर किंवा मिळालेल्या रकमेच्या हिश्शावर फी ठरवताही येत नाही. न्यू जर्सीतला आतेभाऊ फोनवर सांगतो की तिकडं वकील जिंकल्यावरच तिसरा हिस्सा घेतात. ते तिकडं कायदेशीर आहे, इकडं नाही. इकडं टक्क्यांची बोलणी होतात, नाकारण्यात अर्थ नाही, पण तो करार कुठं दाखवता येत नाही आणि फसलात तर दादही मागता येत नाही. ठरावीक रक्कम, ती किती टप्प्यांत द्यायची आणि डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च कोण करणार, हे लिहून घ्या.

फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर.

जमीनजुमल्याची कामं करणारा ओळखीचा वकील पुरेल का? तो एमएसीटीत नेहमी उभा राहतो का, हे विचारा. विमा कंपन्यांच्याही बाजूनं उभा राहतो का, तेही विचारा. कंपनी कुठं नमते हे अशा वकिलाला ठाऊक असतं, पण तुमच्या प्रकरणातल्या कंपनीचं काम त्याच्याकडं नसावं. कोऱ्या कागदावर सही देऊ नका, सही केलेले कोरे चेक तर अजिबात नाही. भरपाई थेट जखमीच्या बँक खात्यात जमा करावी असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये न्यायाधिकरणांना सांगितलं आहे, त्यामुळं ‘पैसे माझ्या खात्यातून येतील’ म्हणणाऱ्याला खाते क्रमांक कोर्टात द्यायला सांगा, तुमचा.

वकील बदलताही येतो. नवा वकील जुन्याची ना हरकत मागतो, आणि फी राहिली म्हणून जुन्याला तुमची फाइल अडवून ठेवता येत नाही. निकालाची रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, वाद १ लाखाच्या आतला नसेल तर. ते काम बहुधा दुसऱ्याच वकिलाकडं जातं आणि त्याची फी वेगळी असते. पहिल्या बोलण्यात ती धरली आहे का, हे वकीलपत्रावर सही करण्याआधी विचारून घ्या.